तोंड नको, हात दाखवा

शालनवहिनींचा सागर शिकायला जर्मनीला गेला तेव्हा त्याला चहासुद्धा धड येत नव्हता. गॅस पेटवायचा, पाणी ठेवायचा आणि पुढे काय ते विचारायला आईला हाक मारायचा. असा मुलगा तिकडे परक्या गावात एकटा राहिला, कॉलेज केलं, उरलेल्या वेळात एका गोदामात खोकी भरायचं काम केलं आणि तरी रोज घरचं जेवला. ते कसं जमलं ते मी सांगू शकते, कारण ते सगळं माझ्या भिंतीपलीकडे घडलं.

आमची कोपरखैरण्याची घरं मूळची बैठी, सिडकोनं ओळीनं बांधलेली. पुढे ज्याला जमेल तसं त्यानं वर चढवलं, पण दोन घरांतली भिंत एकच राहिली. वहिनींकडे मिक्सर लागला की माझ्या मांडणीतल्या वाट्या थरथरायच्या. जाधवभाऊ, म्हणजे वहिनींचे मालक, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. जन्मभर कांद्याची पोती वाहिली, त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलाय. माणूस अबोल. दर भाऊबीजेला माझ्याकडे येऊन पाटावर बसतात, आणि आमचे हे गेल्यापासून तर कधीच चुकले नाहीत. म्हणून त्या माझ्या वहिनी. मी वयानं मोठी, म्हणून त्या मला मंदाताई म्हणायच्या.

वहिनी साताऱ्याकडच्या, कोरेगावच्या बाजूच्या. अंगानं ठेंगण्या, चालणं भरभर, पदर कायम खोचलेला. आवाज असा, की ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी. इथे येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली तरी तो आवाज काही त्यांनी खाली आणला नाही. फोनवर तर आणखी चढायचा. मी एकदा म्हटलं, "वहिनी, हळू बोललात तरी त्याला ऐकू येतं हो." तर म्हणाल्या, "आवो जर्मनी काय वाशीला हाय व्हय?"

सागरचा पहिला फोन मला चांगला आठवतो, कारण तेव्हा मी तिथेच लसूण सोलत बसले होते.

"आई, इथे काहीच मिळत नाही गं."

"काहीच म्हंजे? तिथली माणसं काय माती खात्यात?"

"ब्रेड खातात. मी पण तेच खातोय. नाहीतर नूडल्सची पाकिटं."

"ते ऱ्हाऊ दे. बाजारात काय दिसतंय तुला?"

"आपलं वाटणाचं काही नाही, कढीपत्ता नाही, कोथिंबीर एवढीशी आणि इतकी महाग..."

"सागऱ्या, काय न्हाई ते सांगू नगंस. काय हाय ते सांग."

मग त्यानं एकेक सांगितलं. कोबी, गाजर, बटाटे, कांदे. पालक, पण बर्फात गोठवलेला. लाल मसूर. तांदूळ. ओट्स. दही. एका दुकानात बेसन.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आन् काहीच न्हाई म्हंतंय बेनं! एवढ्यात मी गावजेवाण घालीन की."

तेव्हापासून ते "काय हाय ते सांग" आमच्या ओळीत सगळ्यांच्या कानात बसलं. कुणी त्यांना एखाद्या पदार्थाची कृती विचारली की त्या आधी विचारायच्या, घरात काय आहे? आणि कृती त्यावरून निघायची. लिहून ठेवणं वगैरे भानगड नव्हती.

दुपारी आमची जेवणं आटपली की तिकडे सकाळ व्हायची. सागर उठायचा, फोन लावायचा, आणि दोन्हीकडे गॅस पेटायचे. म्हणजे त्याच्याकडे विजेची शेगडी होती. इकडे वहिनी करून दाखवायच्या, तिकडे तो करायचा, डब्यात भरायचा आणि कॉलेजला जायचा. फोन धरायचं काम जाधवभाऊंचं. पोत्याला सरावलेल्या हातात तो फोन बिस्किटाएवढा दिसायचा. सागर तिकडून ओरडायचा, "बाबा, बोट काढा, सगळं काळं दिसतंय."

वहिनींचा नेम साधा होता. ताटात धान्य हवं, डाळीचं काही हवं आणि पाल्याचं काही हवं. ते एकाच भांड्यात पडलं तरी चालेल. मसूर आणि तांदूळ शिजत आले की त्यात तो गोठलेला पालक ढकलायचा, वरून दही. ओट्स जरा भाजून कुटायचे, त्यात बेसन, किसलेलं गाजर, कांदा, की झालं थालीपीठ. कोबीचा झुणका. सुट्टीच्या दिवशी शेंगदाणे भाजून कूट करून ठेवायचं आणि आठवडाभर कशावरही घालायचं. मटकी त्याला कुठल्याशा दुकानात मिळाली, पण तिकडच्या थंडीत तिला मोड येईनात. वहिनी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "खोली गरम कशी ऱ्हाती तुझी?" तो म्हणाला, भिंतीला हीटर आहे. "मग फडक्यात बांध आन् ठिव त्याच्यावर." दुसऱ्या दिवशी सागरनं मोड दाखवले तेव्हा बाई इतक्या खूश झाल्या, जसा काही नातूच झाला. त्याच्या शेजारच्या खोलीतला मुलगा मात्र विचारत होता म्हणे, की तुझे मोजे असे का वाळत घालतोस?

फोडणीचा किस्सा तर मी किती जणांना सांगितलाय. सागरच्या खोलीला छतात धुराची घंटा होती. वहिनींनी इकडून सांगितलं, तेल चांगलं तापू दे, मोहरी तडतडली पाहिजे. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि फोनमधून असा काही भोंगा वाजायला लागला, की जाधवभाऊंनी घाबरून फोन आमटीच्या पातेल्याशेजारी टाकला आणि गल्लीत जाऊन बघून आले, कुणाकडे अँब्युलन्स आलीय. वहिनी ओरडतायत, "आधी शेगडी बंद कर रं!" सागर पंचा फिरवतोय. शेवटी त्यांची कुणी देखरेखीची बाई आली, ती तिच्या भाषेत रागावली, आणि वहिनी तिला मराठीत सांगत होत्या, "बाई, लेकरू हाय, शिकतंय, एक डाव माफी द्या."

पण दुसऱ्या दिवसापासून त्या बिनधुराच्या फोडणीच्या मागे लागल्या. खिडक्या बंद, पंखा बंद, आणि जाधवभाऊंना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. तेल गार असतानाच मोहरी घालून झाकण ठेवून बघ, लसूण आधी घालून बघ, मिरची शेवटी घालून बघ. जाधवभाऊ खोकले की ती रीत नापास.

मी दारातून विचारलं, "भाऊ, काय चाललंय?"

"भोंगा झालोय," ते म्हणाले. एवढंच.

चार दिवसांनी एक फोडणी अशी निघाली की भाऊ खोकले नाहीत. तीच मग जर्मनीला गेली.

आणि नुसतं शिकवून त्यांचं भागत नसे. जे सागरला मिळतं तेच घरात शिजवायचं, म्हणजे आपल्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्या हिवाळ्यात दोघं नवरा-बायको कोबी, गाजर आणि पालक यांवर राहिले. पालकसुद्धा जवळच्या बोनकोडे गावातून ताजा आणायचा, निवडून फ्रीजरमध्ये दगड करायचा आणि मग शिजवायचा. बोनकोड्याची भाजीवाली आगरी बाई त्यांच्या ओळखीची. ती मुठीमुठीनं भाजी पुढे करायची. "वयनी, शेपू बग, माठ बग, कवला हाय, पानी पन नाय मारलेला. रोज काय गो कोबी न्हेतंस?"

"माझ्या पोराला तिकडं शेपू मिळत न्हाई."

"पोरगा जर्मनीला हाय, आनि कोबी तू खातंस?"

भाऊ पिशवी धरून मागे उभे होते. म्हणाले, "आमी दोघं बी तिकडंच गेलोय."

हसण्यावारी जायचं ते सगळं. पण त्यामागे वहिनींना धास्ती कसली होती, ते मला ठाऊक होतं. सागरनं एकदा शिक्षण सोडलं होतं. भाऊंची पाठ बाजारात दुखावली, ते अंथरुणाला लागले, तेव्हा त्या पोरानं कुणाला न विचारता डिप्लोमा अर्ध्यावर टाकला आणि सानपाड्याला एका दुकानाची पार्सलं मोटरसायकलवरून पोचवायला लागला. वहिनींनी त्याला परत वर्गात बसवायला दोन वर्षं घालवली. एकदा त्याला माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "तुझ्या बानं पाठीवर पोती घेतली, ती तू पाठीवर पिशवी घ्यावीस म्हणून न्हवं." मुलगा मनानं हळवा. घरात काही झालं की हातातलं टाकून धावत येणार. तो पुन्हा अर्ध्यावर परत येईल, हीच एक भीती त्या बाईला होती. त्याचं पोट तिकडे भरलं, तब्येत राहिली, तर तो टिकेल, असा तो हिशेब.

सागरचं शेवटचं सत्र सुरू व्हायच्या सुमारास एक दिवस वहिनी वाटीत आमटी घेऊन माझ्याकडे आल्या. "मंदाताई, जरा मीठ बघा."

मी बघितलं. खारट होती, तोंडात धरवेना. मी तसं म्हटलं.

"व्हय का?" म्हणाल्या आणि वाटीत बघत राहिल्या. "मला लागंना काहीच."

पोटात दुखतं हे त्या बरेच दिवस अंगावर काढत होत्या, ते तेव्हा बाहेर आलं. तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. मोठ्या हॉस्पिटलातून परत आल्यावर दोघं ओट्यावर बसले होते, घरात जायचं सोडून. मी चहा घेऊन गेले.

भाऊ म्हणाले, "पोराला सांगाय पायजे."

"आन् सांगून? तो डाक्टर हाय?"

"पोरगा हाय."

"म्हणून तर न्हाई सांगायचं." वहिनींनी कप खाली ठेवला. "आज सांगितलं तर उद्या सांजंला दारात उभा ऱ्हाईल. शेवटचं सत्र हाय त्याचं. मोठं काय ते लिहून द्यायचंय, पुस्तकाएवढं. ते देऊ दे, मग सांगा काय सांगायचं ते." मग माझ्याकडे वळल्या. "मंदाताई, तुमी बी न्हाई."

भाऊंनी तो कप उचलून परत त्यांच्या हातात दिला. ते तसेच आहेत.

औषधं चालू झाली. वहिनींचे केस गेले, चेहरा उतरला, डोळ्यांखाली काळं आलं. फोन बंद केला तर सागरला संशय येणार. तेव्हा त्यांनी ठरवलं, की फोन चालू राहील, पण त्यात तोंड दिसणार नाही. भाऊंना बजावलं, फोन खाली धरायचा, परातीवर, पातेल्यावर. सागर म्हणायचा, "बाबा, आईचं तोंड दाखवा ना जरा."

"फोन बिघडलाय," भाऊ म्हणायचे. "वर धरला की बंद पडतोय."

आणि वहिनी मागून, "तोंड बघून भाजी शिजती व्हय रं? हात बघ, हात."

चव गेली होती, सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणायच्या. तेव्हा मी आधी जाऊन मीठ-तिखट चाखून सांगायचे आणि त्या फोनवर ते आपलं म्हणून सांगायच्या. वासानं मळमळायचं. मध्येच तोंड फिरवून पदर दाबून धरायच्या आणि परत त्याच आवाजात, "हां, आता झाकण काढ." तो आवाज कुठून काढायच्या, देव जाणे. फोन बंद झाला की अर्धा तास आडव्या व्हायच्या.

पुढे पुढे हातही दाखवण्यासारखे राहिले नाहीत. सुयांनी मनगटं काळीनिळी झाली, नखं काळवंडली. हिरव्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जायच्या. एक दिवस फोनची वेळ झाली, मी नेहमीसारखी गेले, तर वहिनी खुर्चीत बसून बांगड्या उतरवत होत्या. त्या उतरवायला काही लागलंच नाही, आपोआप आल्या. माझ्यापुढे धरल्या.

"घाला."

मी म्हटलं, "वहिनी, अहो मी कशा घालू? मला चालतं का?"

आता माझ्या वयाच्या बायकांना हे सांगायला नको. आमचे हे गेल्यापासून मी काचेची हिरवी बांगडी हातात घातली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती, पण आपलंच मन. आणि वहिनी तर या बाबतीत माझ्याहून जपून वागायच्या. संक्रांतीला वाणाला मला बोलवायच्या, पण बांगडीवाला आला की माझ्यासमोर भरून घ्यायच्या नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून आत जायच्या.

"समदं चालतं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला आईचा हात मोकळा दिसला तर काय समजंल त्यो? घाला बघू."

त्यांनीच माझा हात धरून एकेक चढवली. माझा हात त्यांच्यापेक्षा भरलेला, बांगड्या घट्ट बसल्या. भाऊ फोन हातात धरून भिंतीकडे बघत उभे होते.

मग हात माझे आणि आवाज वहिनींचा, असं सुरू झालं. त्या बाजूला खुर्चीत. मी कांदा चिरायचे, त्या म्हणायच्या, "बारीक कर, बारीक." मी म्हणजे त्यांचा हात आणि तिकडे सागर म्हणजे त्यांचा हात, अशा दोघांना एकदम बोलायच्या. फोन बंद झाला की मी बांगड्या काढून देव्हाऱ्याशेजारच्या डबीत ठेवायचे. घरी घालून आले नाही कधी.

एक दिवस सागर फारच आनंदात होता. मोठ्या शहरात गेला होता, तिथे आपल्याकडच्या वस्तूंच्या दुकानात त्याला ज्वारीचं पीठ मिळालं. "आई, आज भाकरी शिकव. आता नाही म्हणायचं नाही."

वहिनींचं तोंड उजळलं. त्या दिवशी त्यांना बरं नव्हतं, डोळे मिटून मान मागे टेकून होत्या, पण भाकरी म्हटल्यावर आवाजात जीव आला. "पाणी कडक तापव. पिठात घाल. आता मळ, चांगलं तळहातानं मळ. ज्वारी लाड करून घेती."

आम्ही दोघांनी मळलं, मी इथे, तो तिथे.

"आता गोळा कर. खाली कोरडं पीठ पसर परातीत. त्याच्यावर ठिव आन् थाप, एका हातानं, गोल फिरवत."

आता मी कोकणातली. आमच्याकडे तांदळाची भाकरी, हात पाण्यात बुडवून ओल्या हातावर थापायची. लहानपणापासूनचं ते. वहिनी कोरडं पीठ म्हणत होत्या आणि माझा हात आपला आपण वाटीतल्या पाण्यात गेला. ओला तळवा, त्यावर गोळा, आणि मी दोन हातांवर थापायलासुद्धा लागले. वहिनींचे डोळे मिटलेले होते. माझ्या ध्यानात आलं तेव्हा भाकरी अर्धी थापून झाली होती.

तिकडचं थापणं थांबलं. वहिनींनीच विचारलं, "थापतुयास ना?"

"हो आई," तो म्हणाला. "दिसलं मला."

त्याची भाकरी मोडली. वहिनी म्हणाल्या, "मोडली तर मोडली, तव्यावर टाक. पोटात गेल्यावर कोण बघतंय गोल हुती का ते." तो हसला. मी ते हसणं ऐकलं आणि मला कळलं, त्यानं ओळखलंय.

संध्याकाळी दिवा लावत होते, तेव्हा माझ्या फोनवर त्याचा फोन.

"काकू, आईचे हात कुठं आहेत?"

मी काडेपेटी खाली ठेवली.

"बांगड्या तिच्या होत्या. हात तुमचे होते. काकू, तिचे हात कुठं आहेत?"

तशीच बाहेर गेले. भाऊ ओट्यावर बसले होते, त्यांच्या हातात फोन दिला आणि घरात निघून आले. ते काय बोलले ते सगळं मी ऐकलं नाही. खिडकीतून एवढंच आलं, "ती म्हणंल येऊ नगंस. मला इचारू नगंस, बाळा. मला न्हाई सांगता यायचं." आईला काय झालंय ते मात्र भाऊंनी त्याला सांगितलं, हे मला मागाहून कळलं.

सागरनं ठरवलं, की आपल्याला कळलंय हे आईला कळू द्यायचं नाही. म्हणाला, तिला मी लिहून द्यायला हवंय, तर मी लिहितो. जमेल तेवढं लिहितो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, जसा रोज यायचा तसा. फक्त आता तो भाकरी मागत नव्हता. "आई, माझं पोट बरं नाही गं. हलकं काहीतरी सांग. गिळायला सोपं."

वहिनींचा जीव कासावीस. "काय खाल्लंस बाहेरचं? खरं सांग."

"नाही खाल्लं. नुसती मळमळ होते. तोंडाला चव नाही. सगळ्याचा वास नको होतो. अशा वेळी काय करायचं?"

आणि वहिनी सांगायला लागल्या. मूग-तांदळाची मऊ खिचडी, पळीनं घोटून. ओट्सची पेज, वर नुसतं ताक आणि मीठ. मसुराचं कढण गाळून. फोडणी नको, फोडणीचा वास नको होत असेल तर तूप-जिरं वेगळं ठेव. "गार करून खा. गरमचा वास जास्त येतोय." आपल्याच अनुभवाचं सांगत होत्या त्या. मी परातीवर मान खाली घालून हात चालवत होते. भाऊंनी त्या दिवशी फोन इतका स्थिर धरला होता, की तसा कधी धरला नसेल.

असे काही आठवडे गेले. सागरच्या पोटाचं दुखणं काही हटेना, आणि वहिनी रोज नवं हलकं काहीतरी शोधून काढायच्या. मला म्हणायच्या, "मंदाताई, पोरगं तिकडं काय अंगावर काढत तर नसंल? सांगायचं न्हाई त्ये, आईला काळजी नगं म्हणून." मी म्हटलं, "नाही हो वहिनी, तो का लपवील?"

मग डॉक्टरांनी भाऊंना बोलावून सांगितलं, आता औषध बंद करू, घरीच ठेवा. त्या दिवशी भाऊंनी स्वतः फोन लावला. "ये आता," म्हणाले आणि ठेवला.

सागर आला तो सकाळी. वहिनी पुढच्या खोलीत दिवाणावर होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला. तो दारात उभा राहिला, पाठीवर बॅग तशीच. मी पाणी घेऊन आले होते. मला वाटलं, आता रडारड होणार. पण वहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि पहिलं विचारलं ते हे, "लिहून दिलंस?"

"दिलं."

"समदं?"

"समदं, आई. झालं."

वहिनींनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले. "मग बरं. कुणी सांगितलं तुला यायला?"

"कुणी नाही. सुट्टी लागली, आलो."

"फोन बिघडलाय त्यो बघाय आला असशील," वहिनी म्हणाल्या. तो हसला, आणि मग त्याला ते हसणं आवरता आलं नाही, त्याचं रडं झालं. वहिनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. "वाळलास किती रं. मी वाळले, तू कशापायी?"

दुपारी तो मागच्या नळावर भांडी विसळत होता. मी हळूच विचारलं, "खरंच संपलं का रे तुझं?" त्यानं मान वर केली नाही. "निम्मंच झालंय काकू. सरांनी मुदत वाढवून दिलीय. पण तिला नका सांगू." नंतर, वहिनींचे दिवस आटपल्यावर, तो परत गेला आणि ते लिहून दिलं, पासही झाला. म्हणजे वहिनींना हवं होतं ते झालं, जरा उशिरानं. त्यांना खरं काय ते उमगलं होतं की नाही, मला माहीत नाही. मुलाला ओळखून होत्या त्या. मी विचारलं नाही.

तो आल्यावर स्वयंपाकघर त्यानंच हातात घेतलं. फोनवर शिकलेलं सगळं मऊ, गाळलेलं, बिनवासाचं, एकेक करून घालायचा. वहिनी दोन चमचे घ्यायच्या, कधी तेवढेही नाही. पण तो करायचा.

त्या आठवड्यातच मी एकदा दुपारी गेले, वाटीत थोडं लोणी घेऊन. दार उघडंच होतं. भाऊंनी वहिनींच्या पाठीशी दोन उशा जास्त लावल्या होत्या. त्यांनीच मागितल्या असणार, कारण त्या उशांवरून बरोबर स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. सागर आमच्याकडे पाठ करून उभा होता. एका शेगडीवर पेज होती आणि तो बाजूला किसणीवर काहीतरी किसत होता, त्यात गुंतलेला.

पेज वर यायला लागली. आधी कडेनं, मग मधून. मला दिसत होतं, वहिनींना तर केव्हाच दिसलं होतं. इतर वेळी एव्हाना त्यांचा आवाज साऱ्या ओळीत गेला असता. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांचा हात चादरीवरून थोडा वर आला होता आणि तसाच थांबला होता. पेज पातेल्याच्या काठाशी आली.

सागरनं किसणं थांबवलं, मागे न बघता हात लांब करून गॅस बारीक केला आणि पळी घालून ढवळायला लागला.

वहिनींनी हात खाली ठेवला. मग मान उशीवर टेकली आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मी वाटी दारातल्या टेबलावर ठेवून घरी आले.